क्लब विकला जातोय म्हणे? आधी कागद विचारा

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला की दोनच गोष्टी असतात. एक तर गाडीतलं पेट्रोल संपलेलं असतं, नाहीतर कुठला तरी क्लब विकला जात असतो.

“मावशी, मालक पार्टी शोधून राहिला म्हणे. पक्की बातमी आहे.”

“कागद कोणता झाला?”

“कागद नाही ना, पण सगळेच म्हणून राहिले.”

“मग झोप.”

माझं फुटबॉलचं ज्ञान ऑफसाइडपाशी येऊन थांबतं, तेही धड नाही. पण विक्री म्हणजे काय ते कळतं. सव्वीस वर्षं झाली, नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये टेबल टाकून मी दस्त लिहिते. बयाणापत्र, साठेखत, विक्रीपत्र, गहाणखत, हक्कसोडपत्र. मिहान प्रकल्पाचं नाव निघालं तेव्हापासून वर्धा रोडवरचे किती प्लॉट पानठेल्यावर विकले गेले त्याची गणती नाही; त्यातले माझ्या टेबलापर्यंत आले ते दहातला एखादाच.

एव्हर्टन हा इंग्लंडातला फुटबॉल क्लब आमच्या घरात आला मुलामुळे. नववीत असताना तो बर्डीच्या फुटपाथवरून निळी जर्सी घेऊन आला, छातीवर ‘चँग’ लिहिलेली. चँग ही थायलंडची बिअर आहे हे मला वर्षभरानं समजलं. तोवर पोरगा ती घालून गणपतीच्या आरतीलाही उभा राहून झाला होता. आता तो पुण्याला असतो आणि सामना असला की आमचा फोन चालू असतो. २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं आम्ही मायलेकांनी गोल कमी आणि खरेदीदार जास्त मोजले. त्याच काळात भाच्याची मित्रमंडळी, म्हणजे तीन मँचेस्टर युनायटेडवाले, एक लिव्हरपूल, एक चेल्सी, सगळे इंग्लंडातलेच क्लब, रविवारी तर्री पोहे घेऊन घरी यायला लागली. “मावशी, हे एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे काय?” त्यांना जे सांगत आले ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे साडेअकराचे फोन तरी थांबतील.

पैसा कुणाच्या खिशात?

‘मालक क्लब विकतोय’ आणि ‘मालक गुंतवणूकदार शोधतोय’ ही दोन वाक्यं पोरं एका दमात बोलतात. माझ्याकडे त्यांचे दोन वेगळे दस्त होतात. घर विकणं वेगळं, घरातला हिस्सा विकणं वेगळं, आणि घर आपल्याच नावावर ठेवून वरचा मजला चढवायला कुणाकडून पैसे आणणं अजून वेगळं.

म्हणून पहिला प्रश्न हा: येणारा पैसा कुठे जाणार? मालकानं स्वतःचे जुने शेअर विकले तर पैसा मालकाच्या घरी जातो, क्लबच्या तिजोरीत एक रुपया पडत नाही. नवा स्ट्रायकर त्यातून येत नसतो. क्लबनं नवे शेअर काढले तर पैसा क्लबात येतो आणि जुन्यांचा हिस्सा तेवढा पातळ होतो. मँचेस्टर युनायटेडच्या सौद्यात दोन्ही प्रकार होते. २४ डिसेंबर २०२३ ला ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांचा करार जाहीर झाला. शेअरमागे ३३ डॉलर देऊन सुमारे २५ टक्के हिस्सा. ते पैसे विकणाऱ्या भागधारकांचे. त्याशिवाय ३० कोटी डॉलर क्लबात, ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्या स्टेडियमच्या कामांसाठी. आमच्या तीन युनायटेडवाल्यांनी त्या दिवशी पेढे आणले. मी विचारलं, मतं कुणाकडे? मालक ग्लेझर कुटुंबाकडे ‘ब’ वर्गाचे शेअर आहेत आणि त्यातल्या एका शेअरला दहा मतं असतात. फुटबॉलचा कारभार रॅटक्लिफ यांच्याकडे गेला, पण मतांचं पारडं ग्लेझरांकडेच राहिलं. पेढे मी खाल्ले, तो भाग वेगळा.

लिव्हरपूलचं उलट उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये बातमी आली की मालक फेनवे स्पोर्ट्स ग्रुपनं क्लब बाजारात काढला, मोठ्या बँका कामाला लावल्या. लिव्हरपूलवाल्या पोरानं खरेदीदारांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये फेनवेचे प्रमुख जॉन हेन्री यांनी स्पष्ट सांगितलं की क्लब विकत नाही, गुंतवणूक बघतोय. सप्टेंबरात डायनॅस्टी इक्विटी नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीनं छोटा हिस्सा घेतला, आणि तो पैसा मुख्यतः बँकेची देणी उतरवायला वापरणार असं सांगितलं गेलं. यादी फ्रिजवरून काढायला त्याच्या आईला फार कष्ट पडले, डिंकानं चिकटवली होती.

कोणती पायरी झाली ते बघा

आपल्याकडे प्लॉटचा सौदा कसा होतो? दलालाला सांगतात, पार्टी येऊन बघते, टोकन पडतं, वकील सर्च काढतो, साठेखत होतं, कुठे परवानगी लागत असेल ती येते, मग रजिस्ट्री, आणि शेवटी आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीत, नाव चढतं. क्लबाचंही असंच. बातमी आली की ती यातल्या कुठल्या पायरीची आहे एवढंच शोधायचं. नव्वद टक्के वेळा ती दलालाच्या पायरीची असते.

युनायटेडनं २२ नोव्हेंबर २०२२ ला निवेदन काढलं आणि रेन ग्रुपला सल्लागार नेमल्याचं सांगितलं. त्याच दिवशी रोनाल्डो क्लबातून गेला आणि त्याच दिवशी सौदी अरेबियानं वर्ल्डकपात अर्जेंटिनाला हरवलं, त्यामुळे ते निवेदन कुणी शेवटपर्यंत वाचलं नाही. मी वाचलं, कारण असले कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. त्यात नवी गुंतवणूक, विक्री किंवा आणखी काही असे सगळे पर्याय होते, आणि यातून काही घडेलच याची हमी नाही हेही होतं. म्हणजे दलाल नेमला, बस. तिथून रॅटक्लिफ यांचा सौदा पुरा व्हायला २० फेब्रुवारी २०२४ उजाडला. पंधरा महिने. मधे कतारचे शेख जासिम पूर्ण क्लब घ्यायला निघाले होते, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजूला झाले.

एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे आपला बयाणा समजा: ठराविक दिवस दुसऱ्या पार्टीला प्लॉट दाखवायचा नाही. फरक एवढाच की आपल्याकडे बयाणा देऊन माणूस फिरला तर पैशावरून भांडण होतं. तिथे मुदत संपली की दोघंही शांतपणे आपापल्या घरी जाऊ शकतात. ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणजे सर्च. आपला वकील तीस वर्षांची नोंद उकरतो, तिथे खेळाडूंचे करार, उरलेले हप्ते, कर्जं, कोर्टकज्जे उकरतात. या पायरीवर माणसं पळतात, आणि पळाली तर त्यांना दोष देऊ नये.

‘करार झाला’ ही बातमी सगळ्यात फसवी. त्याचा अर्थ साठेखत झालं, विक्रीपत्र नाही. हे इंग्लंडातच होतं असं नाही. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबनं २०२० मध्ये श्री सिमेंटसोबत प्राथमिक करार केला, संघ आयएसएल या आपल्या देशाच्या लीगमध्ये खेळायलाही उतरला, आणि अंतिम करारावर सही होईना म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात कोलकात्यात चाहते रस्त्यावर आले. शेवटी २०२२ मध्ये श्री सिमेंट निघून गेलं आणि इमामी आलं. बयाण्यावर घरात राहायला गेलेलं भाडेकरू कुटुंब मी पाहिलंय, अगदी तसंच.

परवानगीची पायरी तर विसरलीच जाते. इंग्लंडातली सगळ्यात वरची लीग म्हणजे प्रीमियर लीग; ती नव्या मालकाची तपासणी करते, खालच्या विभागांत ईएफएल ही संस्था करते, आणि २०२५ च्या कायद्यानं आता इंग्लंडात स्वतंत्र फुटबॉल नियामकही आला आहे. न्यूकॅसल क्लबचे तेव्हाचे मालक माइक अ‍ॅशली यांनी क्लब घेतला २००७ मध्ये आणि पहिल्यांदा विक्रीला काढला २००८ मध्ये. एप्रिल २०२० मध्ये खरी पार्टी समोर आली, सौदी अरेबियाचा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड आणि त्याचे भागीदार. जुलैत त्यांनी माघार घेतली, कारण लीगचा प्रश्न सुटत नव्हता: क्लबाचा ताबा फंडाकडे असणार की सौदी सरकारकडे? ७ ऑक्टोबर २०२१ ला सौदा झाला तेव्हा फंडाकडे ८० टक्के आणि दोन भागीदारांकडे दहा-दहा. सरकार ताबा ठेवणार नाही अशी कायदेशीर हमी लीगनं घेतली होती. पार्टी तयार, पैसा तयार, मालक विकायला तयार, तरी दीड वर्ष.

चेल्सी हा अपवाद. त्याचे रशियन मालक रोमन अब्रामोविच यांनी २ मार्च २०२२ ला विक्री जाहीर केली आणि ३० मेला क्लब टॉड बोहली व क्लिअरलेक या अमेरिकी गुंतवणूकदारांकडे गेला. पण मधे ब्रिटिश सरकारनं अब्रामोविच यांच्यावर निर्बंध लावले होते आणि क्लब सरकारी परवान्यावर चालत होता. अशी कोंडी असली तरच तीन महिन्यांत होतं. चेल्सीवाला पोरगा मात्र अजून सगळ्यांना तेच माप लावतो.

बोजा, बोजा, बोजा

प्लॉट घ्यायला आलेल्या माणसाला मी एकच गोष्ट तीनदा विचारते: बोजा पाहिला का? सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज, सावकाराकडचं गहाण. हे न पाहता भाव ठरवणारे लोक मी रोज बघते. क्लबाच्या अफवांमध्येही खरेदीदाराच्या श्रीमंतीवर चार तास चर्चा होते आणि बोजावर चार मिनिटंही नाही. आमच्या एव्हर्टनची गोष्ट म्हणजे या बोजाचीच गोष्ट आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

फरहाद मोशिरी २०१६ मध्ये ४९.९ टक्के घेऊन आले आणि वाढवत वाढवत ९४.१ टक्क्यांपर्यंत गेले. खेळाडूंवर पैसा गेला, ब्रॅमली-मूर डॉकवर नवं स्टेडियम उभं राहत होतं, आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर कर्ज वाढतं तसं वाढलं. २०२३ मध्ये एमएसपी स्पोर्ट्स कॅपिटल नावाची कंपनी हिस्सा घेणार होती. बोलणी फिसकटली, कारण आधीच्या एका कर्ज देणाऱ्याला ती रचना मान्य नव्हती. बघा, पहिलाच धडा: जुना सावकार नव्या पार्टीला दारातून परत पाठवू शकतो. एमएसपी गेली, पण तिनं दिलेलं कर्ज राहिलं.

१५ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेच्या ७७७ पार्टनर्सनं मोशिरींचा पूर्ण हिस्सा घ्यायचा करार केला. साठेखत झालं! मुलगा पुण्याहून ओरडत होता. पण रजिस्ट्री काही होईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. लीगनं अटी घातल्या, त्यात एमएसपीचं कर्ज फेडायचं ही एक. दरम्यान ७७७ स्वतः क्लबाला कर्ज देतच होती, सगळं मिळून २० कोटी पौंडांच्या आसपास. मग मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका कर्ज देणाऱ्या कंपनीनं ७७७ वर दावा टाकला. आरोप असा की गहाण म्हणून दाखवलेली मालमत्ता एक तर त्यांची नव्हती, नाहीतर आधीच दुसऱ्याकडे गहाण होती. ते वाचून मी चष्मा पुसला. एकच प्लॉट दोघांकडे गहाण टाकल्याची भांडणं मी इथे आयुष्यभर पाहिली, आणि ती इतक्या मोठ्या आकड्यांत, इतक्या चांगल्या इंग्रजीत वाचायला मिळतील असं वाटलं नव्हतं. मे संपला आणि त्याबरोबर करारही.

जूनमध्ये फ्रीडकिन ग्रुप आला, इटलीतल्या रोमा क्लबाचा मालक. त्याला एक्सक्लुझिव्हिटी मिळाली, त्यानं आत शिरून सर्च केला आणि जुलैत तो बाहेर पडला. कारण? ७७७ चं कर्ज. पार्टी बुडत होती, पण तिनं दिलेलं कर्ज एव्हर्टनच्या डोक्यावर होतं आणि ते शेवटी कुणाला फेडायचं, किती फेडायचं, हेच नक्की नव्हतं. मग जॉन टेक्स्टर आले, पण त्यांच्याकडे क्रिस्टल पॅलेस या त्याच लीगमधल्या क्लबाचा हिस्सा होता. आधी तो विकावा लागला असता. तेही गेले. सप्टेंबरात फ्रीडकिन परत आले, बोजाचा निकाल लावायची वाट काढून. १९ डिसेंबर २०२४ ला सौदा पूर्ण झाला.

यातून कामाची गोष्ट घ्यायची ती ही: खरेदीदाराचं नाव ऐकलं की त्याच्या विमानाचे फोटो बघू नका. क्लबावर कुणाचं किती कर्ज आहे, ते कशावर तारण आहे, आणि तो कर्ज देणारा या विक्रीला हो म्हणाला का, ते बघा. एव्हर्टनच्या २०२२-२३ च्या हिशेबात ऑडिटरनं क्लब चालू राहण्याबद्दल मोठी अनिश्चितता असल्याचं लिहून ठेवलं होतं. अशी ओळ दिसली की मालकाला पार्टी हवी आहे हे कळायला वेगळी बातमी लागत नाही.

कागद घरबसल्या कसा काढायचा

आपल्याकडे सूची-२, म्हणजे रजिस्ट्री झालेल्या दस्ताचा गोषवारा, ऑनलाइन बघता येते तसं ब्रिटनमध्ये कंपन्यांचं दफ्तर आहे, कंपनीज हाऊस. पैसे लागत नाहीत, पासवर्ड लागत नाही. कंपनीचं नाव टाका. चार जागा बघा.

पहिली, दाखल कागदांची यादी. नवे शेअर काढले, संचालक बदलले, हिशेब आले, सगळं तारखेसह. एव्हर्टनसारख्या ज्या क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं आणि कंपनी खासगी आहे, त्यांना नऊ महिन्यांत हिशेब द्यावा लागतो, म्हणजे ३१ मार्चपर्यंत. मार्चअखेर आमच्याकडे टॅक्सची धावपळ आणि मुलाकडे हिशेबाची वाट.

दुसरी, ‘चार्जेस’. हाच बोजा. तारण कर्ज घेतलं की साधारण २१ दिवसांत त्याची नोंद करावी लागते, त्यामुळे बातमीच्या आधी इथे चाहूल लागू शकते. न्यूकॅसलचं प्रकरण एप्रिल २०२० मध्ये खरं वाटायला लागलं ते याच दफ्तरात आलेल्या कागदांमुळे. एक सावधगिरी मात्र: दर नव्या बोजावर उड्या मारू नका. क्लब टीव्हीच्या येणाऱ्या पैशावर, खेळाडू विकून येणाऱ्या हप्त्यांवर उचल घेतच असतात. सोसायटीचं पीककर्ज काढलं म्हणजे शेत विकायला काढलं असं होत नाही.

तिसरी, ज्यांचा कंपनीवर खरा ताबा आहे त्यांची नोंद. २५ टक्क्यांच्या वर हिस्सा असला की नाव येतं. चौथी, संचालक. विक्री झाली की इथली नावं बदलतात. आखीव पत्रिकाच समजा.

इथे मी एकदा तोंडावर पडले ते सांगते. ‘एव्हर्टन’ टाकल्यावर जी यादी आली त्यातली चुकीची कंपनी उघडली आणि पोरांना जाहीर केलं की नवा संचालक आला. एव्हर्टन हे लिव्हरपूलमधल्या एका वस्तीचंही नाव आहे. माझा संचालक कुठल्याशा इमारतीची देखभाल करणारा निघाला. मौजा एक, खसरा वेगळा, म्हणजे गाव तेच पण जमिनीचा नंबर दुसरा! ज्या बाईनं हजारभर पक्षकारांना खसरा नंबर तपासायला लावला तिची ही तऱ्हा. तेव्हापासून क्लबाच्या कंपनीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. तुम्हीही ठेवा.

युनायटेडवाल्यांना आणखी सोय आहे. क्लब २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, त्यामुळे मोठी घडामोड तिथे कागदावर आणावी लागते. फक्त शेअर सहा टक्के वर गेला म्हणून खरेदीदार आला असं समजू नका. तो तुमच्यासारख्याच अफवा वाचणाऱ्यांनी वर नेलेला असतो.

बातमी कुणाच्या फायद्याची?

दलाल म्हणतो, “मॅडम, रायपूरची एक पार्टी येऊन राहिली, उद्या टोकन देते.” ही रायपूरची पार्टी सव्वीस वर्षांत मी एकदाही पाहिलेली नाही. समोरच्या गिऱ्हाइकानं आज भाव वाढवावा म्हणून ती जन्माला येते. ‘तिसरा गट शर्यतीत’ अशी बातमी वाचली की मला रायपूर आठवतं. नाव नसलेला खरेदीदार बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या कामाचा असतो, आणि नाव असलेला, फोटोसकट मुलाखत देणारा खरेदीदार बहुतेक वेळा स्वतःच्या कामाचा.

आणि नकार? सप्टेंबर २०२५ मध्ये डॅनियल लेव्ही टॉटनहॅमच्या अध्यक्षपदावरून गेले, आणि दोन-तीन दिवसांतच क्लबनं जाहीर केलं की दोन पार्ट्यांनी चौकशी केली, दोघांनाही नकार दिला, क्लब विक्रीला नाही. पोरं म्हणाली, म्हणजे विकणार! मी म्हटलं, नकार लेखी आहे, तारीख आहे, चौकशी करणाऱ्यांची नावं आहेत. हा कागद आहे, तो जसा आहे तसा धरा. उद्याचा भाव कुणाला माहीत, पण आज टेबलावर काही नाही.

एक वही करा. पाच रकाने: तारीख, कोण म्हणालं, पायरी कोणती, बोजा कुणाचा, पैसा कुठे जाणार. रकाना भरता आला नाही तर रिकामा सोडा, अंदाज लिहू नका. तीन रकाने रिकामे असतील तर कुणाला फोन करू नका, निदान मला तरी नाही. महिन्यानं मागची पानं चाळा. एकच माणूस चार वेगवेगळ्या खरेदीदारांची ‘पक्की’ बातमी देत होता असं दिसेल. त्याच्या नावापुढे फुली.

माझ्या वहीत १९ डिसेंबरच्या ओळीत पायरीच्या रकान्यात पहिल्यांदा ‘विक्रीपत्र’ लिहिलंय, लाल शाईनं. त्या दिवशी समोर बेसाच्या एका प्लॉटचे दोन भाऊ हिश्श्यावरून भांडत बसले होते आणि मुलाचा फोन वाजतच होता. भाच्यालाही तशीच वही घेऊन दिली. दीड वर्ष झालं, पहिलं पान अजून कोरं आहे. पेन सापडत नाही म्हणतो.